फुलीपाशी सही

"मोज," सर म्हणाले आणि टेबलावरची जाडजूड फाइल माझ्याकडे सरकवली. "माझं आयुष्य आहे ते. एकही सुटता कामा नये."

जानेवारीतला शनिवार होता, दुपारचे तीन वाजले होते. विभागातले बाकीचे केव्हाच घरी गेले होते. डॉ. यशवंत रेगुंडवार, आमच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख, खिडकीशी बसून ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते. दिल्लीच्या एका मोठ्या पुरस्कारासाठी त्यांचं नाव जायचं होतं. त्यासाठी आजवरच्या सगळ्या शोधनिबंधांची यादी हवी होती, आणि प्रत्येकासमोर सायटेशनचा आकडा, म्हणजे जगात किती जणांनी आपल्या लेखनात त्या निबंधाचा आधार घेतला तो. काम महिनाभरात व्हायला हवं होतं.

मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. बी.एस्सी.पासून मी त्यांची विद्यार्थिनी आणि नंतर अकरा वर्षं त्यांच्याच हाताखाली कंत्राटी व्याख्याती. दर अकरा महिन्यांनी माझी ऑर्डर संपायची आणि सर स्वतः कुलसचिवांकडे जाऊन ती नवी करून आणायचे. आईच्या ऑपरेशनसाठी मी चार महिने रजेवर गेले होते, तेव्हाही माझी जागा त्यांनी राखून ठेवली होती. घरी आई देवापुढे दिवा लावताना सरांचं नाव घ्यायची. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

त्या वर्षी मार्चमध्ये कायम जागेची मुलाखत होती. मी सदतीस वर्षांची होते आणि वयाची अट अडतिशीची. म्हणजे ही शेवटची संधी. अर्जासोबत निदान एक असा निबंध जोडायचा होता ज्यावर उमेदवाराचं नाव पहिलं असेल. माझं नाव पहिलं सोडाच, शेवटचंही कुठे नव्हतं.

त्याचं कारण सांगायचं तर सरांची कामाची रीत सांगावी लागेल. आमचा विभाग म्हणजे साऱ्या विद्यापीठाची गिरणी होती. ज्याला आकडे दळून हवेत तो आमच्याकडे यायचा. उसावरचा करपा, मुतखडा, सिमेंटच्या ठोकळ्यांची ताकद, तळ्यातले मासे, कांद्याची साठवण, गर्भवतींच्या अंगातलं रक्त, जो तो आपापली वही घेऊन यायचा. सर आकडे ठेवून घ्यायचे, तक्ते करून द्यायचे, आणि त्या बदल्यात निबंधावर त्यांचं नाव जायचं. "आकड्याला विषय नसतो," असं ते म्हणायचे. अशा रीतीने एकोणीस विषयांत त्यांचे निबंध झाले. बाकीचे प्राध्यापक पाठीमागे त्यांना 'सर्वपित्री' म्हणायचे. सगळ्यांचं एकाच दिवशी उरकणारे, म्हणून. सरांच्या कानावर ते आलं तेव्हा ते पोट धरून हसले होते.

त्या अकरा वर्षांतले बहुतेक तक्ते मी केले होते. हे शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत 'हेमलता बोधनकर यांचे आभार' असं छापून यायचं. कधी तेही यायचं नाही. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण सर म्हणायचे, "थांब. तुझं मी बघतो." आणि मी थांबायचे.

दुसरी रीत पेन्सिलीची. सर कागद पुढे ठेवायचे, त्यावर जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने बारीक फुली केलेली असायची. फुलीपाशी सही करायची, मग सर रबराने फुली पुसायचे. परीक्षेचे कागद, प्रवासाची बिलं, मासिकांना जाणारी पत्रं, सगळं असंच. मी दिवसभर दशांश चिन्हानंतरचे आकडे तपासणारी बाई. दुसऱ्याच्या तक्त्यात चूक सापडली की मला जेवणापेक्षा जास्त आनंद व्हायचा. पण सरांची फुली दिसली की मी कागद वाचत नसे. गुरूने पुढे ठेवलेला कागद वाचणं म्हणजे त्याच्यावर संशय घेण्यासारखं वाटायचं. विभागात कुणीच वाचत नसे.

तर मी मोजायला बसले. ग्रंथालयात त्या कामासाठी एकच संगणक होता आणि त्याचे राखणदार होते ग्रंथपाल काझीसाहेब. किरकोळ अंगाचा, पांढऱ्या दाढीचा, हळू बोलणारा माणूस. ते मला रोज चहा पाजायचे आणि एकेका निबंधाचं नाव वाचून विचारायचे, "मॅडम, हे मुतखड्याचं सरांना कसं सुचलं?" मी हसायचे. हळूहळू यादी भरत गेली. दोनशे एक्केचाळीस निबंध निघाले. मला खरंच अभिमान वाटला. माझ्या दळणाची पोती कुणीतरी ओळीने लावून दाखवल्यासारखं वाटलं.

सगळ्यांत जास्त सायटेशन होती फ्लोराइडच्या निबंधाला, एकसष्ट. तालुक्यातल्या नऊ गावांत विहिरीच्या पाण्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात, त्याचा तो अभ्यास. सरांचं नाव पहिलं, दुसरं एका दंतवैद्याचं. तो दंतवैद्य पुढे परदेशी निघून गेला. हा निबंध माझ्या रजेतला. त्यातला तक्ता सरांनी स्वतः केलेला होता, म्हणून मी तो उत्सुकतेने उघडला. गुरूच्या हातची भाकरी कशी होते ते बघावं, एवढाच हेतू.

प्रत्येक गावात चोवीस मुलं तपासली होती. दातांच्या डागाला शून्य ते चार असे गुण, आणि गुण पूर्ण आकड्यांत. पहिल्या गावाची सरासरी छापली होती २.३५. मी पुढे गेले आणि परत मागे आले. चोवीस मुलांच्या गुणांची बेरीज पूर्ण आकडाच असणार. बेरीज छप्पन असेल तर सरासरी २.३३ येते, सत्तावन्न असेल तर २.३८. मधलं काही येऊच शकत नाही. २.३५ येण्यासाठी एखाद्या मुलाला अर्धवट गुण द्यावे लागले असते. मी पाठकोऱ्या कागदावर नऊही गावं करून बघितली. सात गावांच्या सरासऱ्या अशक्य होत्या.

त्या दुपारी मी चहा घेतला नाही. काझीसाहेबांनी काय झालं विचारलं, मी डोकं दुखतंय म्हटलं आणि तडक सरांकडे गेले. मला भीती नव्हती, काळजी होती. पुरस्काराच्या समितीत कुणी असं मोजून बघितलं तर सरांचं नाव खराब होईल, हीच एक काळजी.

सरांनी माझा कागद घेतला. स्वतः पेन्सिलीने भागाकार केला, दोन गावांचा केला आणि थांबले.

"शाबास," ते म्हणाले. "कुणाला बोललीस?"

"नाही सर."

"काझींना?"

"त्यांनाही नाही."

मग त्यांनी सांगितलं की सरासऱ्या दंतवैद्याने काढून दिल्या होत्या, सरांनी विश्वासाने छापल्या. सुधारून पाठवू, असल्या चुका होतात, पेनाने लिहिणारा माणूस चूक कबूल करत नाही म्हणून तर मी पेन्सिलीने लिहितो. माझा पाठकोरा कागद त्यांनी घडी करून खणात ठेवला. मी हलकी होऊन घरी आले.

आठ दिवसांनी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. समोर तीन पानांचं पत्र होतं, मासिकाच्या संपादकांच्या नावे.

"यात दोन गोष्टी आहेत," सर म्हणाले. "तक्ता दुरुस्त करून पाठवतोय. आणि या निबंधावर तुझं नाव पहिलं लावायला सांगितलंय. दंतवैद्याची संमती आली आहे. मार्चच्या आत छापून येईल."

 मग मी म्हणाले, "पण सर, यात माझं काहीच काम नाही."

"बाकीच्या दोनशेत आहे ना? एकाने फेडतोय असं समज."

इथे मी खरं सांगते. ते नाव माझं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळत होतं. मी केलेल्या कामावर दुसऱ्याचं नाव लागतं तेव्हा कसं वाटतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी मी घेतलं. अकरा वर्षांनी काहीतरी हातात पडत होतं. मला कायम जागा हवी होती, आणि सरांनी 'तुझं मी बघतो' म्हटलेलं अखेर खरं केलं, या आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिसऱ्या पानावर खाली फुली होती. मी सही केली. सरांनी रबर फिरवलं. मी त्यांच्या पाया पडले.

घरी जाताना पेढे घेतले. आईने पेढा देवापुढे ठेवला आणि विचारलं, "काय लिहिलंय गं पत्रात?" सर जे बोलले ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते झालं सरांचं. पत्रात काय लिहिलंय?" मी हसून विषय बदलला. आई सातवी शिकलेली होती.

दहा दिवसांत मासिकाने सुधारणा छापली. हेमलता बोधनकर, पहिलं नाव. दुरुस्त तक्ता पुढच्या अंकात येईल, असं सर म्हणाले. काझीसाहेबांनी ते पान रंगीत छापून दिलं. मी ते अर्जाला जोडलं.

मुलाखत मार्चच्या एकोणीस तारखेला होती. समितीत कुलगुरू, बाहेरून आलेले तज्ज्ञ डॉ. वैजनाथ सोनटक्के, आणि विभागप्रमुख म्हणून आमचे सर. मी निर्धास्त होते. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते, उत्तरं चांगली गेली. मग सोनटक्क्यांनी चष्मा बदलला आणि माझ्या अर्जातलं ते रंगीत पान वर काढलं.

"हा निबंध तुमचा?"

"हो."

"परवा मासिकाने तो मागे घेतला. सूचना वाचलीत?"

मी नव्हती वाचली. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. तक्ता क्रमांक तीनमधल्या सरासऱ्या गणिताने अशक्य आहेत, मूळ नोंदी मागूनही मिळाल्या नाहीत, सबब निबंध रद्द.  मी सरांकडे बघितलं. ते पेन्सिलीने समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत होते.

"हा तक्ता तुम्ही केलात?" सोनटक्क्यांनी विचारलं.

"नाही. मी तेव्हा रजेवर होते."

"मग पहिलं नाव तुमचं कसं?"

 खरं उत्तर द्यायचं तर, फुकट मिळत होतं म्हणून घेतलं, असं म्हणावं लागलं असतं. त्यांनी एक पत्र माझ्याकडे सरकवलं. मासिकाने सूचनेसोबत प्रसिद्ध केलेली प्रत होती ती. तीन पानं. मी ते पत्र पहिल्यांदा वाचलं. त्यात दुरुस्त तक्ता कुठेच नव्हता. लिहिलं होतं की या अभ्यासातली माहिती गोळा करण्याचं आणि आकडेमोडीचं सर्व काम मी केलं आहे, तक्ता क्रमांक तीन माझा आहे आणि त्यातल्या चुकांना मी एकटी जबाबदार आहे, डॉ. रेगुंडवार यांनी केवळ मार्गदर्शन केलं, आणि श्रेय त्यांना चुकून मिळालं ते दुरुस्त करावं. खाली माझी सही. सहीच्या डाव्या अंगाला अगदी पुसट अशी, नीट पुसली न गेलेली फुली.

"सही तुमची?"

"हो."

"वाचून केलीत ना?"

"नाही."

कुलगुरूंना हसू आलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यांना खरंच गंमत वाटली असावी. संख्याशास्त्राची बाई न वाचता सही करते. तेव्हा सर पहिल्यांदा बोलले. पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी हळू, आदराने बोलले.

"बोधनकर मॅडम कामात फार काटेकोर आहेत. मी त्यांना वीस वर्षं ओळखतो. न वाचता सही करणं त्यांच्या स्वभावात नाही."

वीस वर्षांत त्यांनी मला मॅडम म्हटलेलं नव्हतं. मी 'हेमलता' होते, सर रागात असले तर 'अगं ए' होते. त्या एका शब्दाने मला जे कळायचं ते कळलं. मी उठले, नमस्कार केला आणि बाहेर आले. पाय ग्रंथालयाकडे वळले, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती.

काझीसाहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, मासिकाचं पत्र डिसेंबरातच आलं होतं," ते म्हणाले. "परदेशातल्या कुणीतरी त्या तक्त्यावर शंका घेतली होती, मूळ नोंदी मागितल्या होत्या. विभागाचा प्रिंटर बंद होता म्हणून सरांनी इथे छापून घेतलं. मीच छापलं. नंतर सुधारणेत तुमचं नाव आलं, मला वाटलं तुम्हाला सगळं माहीत असेल."

डिसेंबर. म्हणजे मी काळजीने चूक सांगायला गेले तेव्हा ती त्यांना महिन्याभरापासून ठाऊक होती. त्यांनी केलेला भागाकार मला दाखवायला होता. त्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मी कुणाला बोलले का.

मी परत विभागात गेले. सर खोलीत आले होते. मी दार लावलं नाही, बसले नाही.

"का केलंत?"

त्यांनी नजर चुकवली नाही, हे मात्र सांगायला हवं.

"ते सात गावांचे आकडे मी बसवले," ते म्हणाले. "दंतवैद्याने दोनच गावं तपासली होती. माझं नाव त्यात गेलं असतं तर उरलेल्या दोनशे चाळिसांवर लोकांनी बोट ठेवलं असतं. ते सगळे तक्ते तुझेच ना? तुझंच काम वाचलं असं समज."

"आणि माझी जागा?"

"ऑर्डर मी नवी करून आणतो. दरवर्षी आणीन, मी आहे तोवर." मग म्हणाले, "आणि हेमलता, नाव घेताना तू नाही म्हणाली नाहीस."

मी नाही म्हटलं होतं, एकदा, अर्धवट. तो अर्धवटपणा त्यांनी बरोबर ओळखला होता. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस होता तो. माझ्या तोंडावर त्यांनी खरं तेच मारलं, आणि त्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप आला. ऑर्डर आणू नका, एवढंच मी बोलले. त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही.

सरांना पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रात फोटो आला, खाली लिहिलं होतं, एकोणीस विषयांत दोनशे चाळीस शोधनिबंध. एक वगळला होता.

मी शेजारच्या जिल्ह्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला लागले आणि आजही शिकवते. मुलं चांगली आहेत. निबंध माझ्या नावावर तो एकच आहे, त्यावर 'मागे घेतला' असा शिक्का आहे, आणि त्याची सायटेशन वाढतच चालली आहेत. गेल्या वर्षी तीनशेच्या वर गेली. खोट्या सरासऱ्या कशा ओळखाव्यात हे शिकवताना जगभरचे लोक उदाहरण म्हणून बोधनकरांचा तक्ता देतात. पूर्ण आकड्यांची बेरीज, चोवीसने भाग, २.३५ येत नाही. जानेवारीतल्या त्या दुपारी पाठकोऱ्या कागदावर मी हेच केलं होतं. ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि तो कागद सरांच्या खणात गेला.

सर दोन वर्षांपूर्वी वारले. अंत्यदर्शनाला मी गेले नाही. आई गेली. परत आल्यावर दोन दिवसांनी म्हणाली की त्यांच्या खिशात पेन्सिल ठेवली होती. मला रडू आलं, याचंही मला नवल वाटलं.

या पावसाळ्यात विभागाच्या नव्या प्रमुखांचं पत्र आलं. सरांच्या स्मरणार्थ ग्रंथ निघतो आहे. जुन्या कपाटात माझ्या अक्षरातली यादी सापडली, ती टंकित करून पाठवत आहोत, एकदा नजरेखालून घालून परत पाठवावी. प्रमुख तरुण आहेत, त्यांना काही ठाऊक असायचं कारण नाही.

आठ पानं होती. मी रविवारी सकाळी पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. ऊस, मुतखडा, सिमेंट, मासे, कांदा. दोन ठिकाणी वर्ष चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. शेवटचा क्रमांक दोनशे चाळीस होता. फ्लोराइड नव्हतं. माझ्या मूळ यादीतल्या त्या ओळीवर सरांनीच काट मारली असणार.

मी पेन घेतलं. दोनशे चाळीसच्या खाली दोनशे एक्केचाळीस लिहिलं. निबंधाचं नाव लिहिलं, मासिक, वर्ष, पानं, आणि लेखक मूळ निबंधात छापले होते तसेच लिहिले. पहिले डॉ. यशवंत रेगुंडवार, दुसरा तो दंतवैद्य. तिसरं कुणी नाही. पुढे सायटेशनचा आजचा आकडा टाकला, आणि त्यापुढे 'मागे घेतला'. सगळी पानं पुन्हा एकदा वाचली.

मग शेवटी संकलन असं लिहून खाली सही केली. कुठे करायची, ते कुणी दाखवलेलं नव्हतं.